बँकेची पायरी

भाताची झोडणी उरकली, कणग्या भरल्या, की आपल्या मावळात माणसाला चार ठिकाणी जायला सवड होते. मीही परवा सकाळी कामशेतला लोकल पकडून पुण्याला निघाले. डबा नेहमीसारखा भरलेला होता. कॉलेजच्या पोरी होत्या, कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाया होत्या, भाजीच्या पाट्या होत्या. माझ्या शेजारी तिशीच्या आतली एक सून बसली होती. मांडीवर डबा आणि पिशवी. माहेर पवन मावळातलं, सासर कामशेतजवळच्या गावातलं. सहा वर्षं एका बँकेत कारकून आहे.

बोलता बोलता तिनं पिशवीतून एक कागद काढला. बँकेत अधिकारी होण्यासाठी परीक्षा द्यायची, त्याचा तो अर्ज. मुदत संपायला आठ दिवस उरले होते आणि अर्ज कोराच होता.

"भरत का नाहीस गं?" मी विचारलं.

"मावशी, बढती झाली की बदली होणार. मामा म्हणतात, आहे त्या पगारात भागतंय ना? लेकरू तीन वर्षांचं आहे. आत्याबाई सांभाळतात, पण त्यांचेही गुडघे दुखतात. आणि हे म्हणतात, तुझं तू बघ."

'तुझं तू बघ' याचा अर्थ आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. नाही तर म्हणायचं, पण ते आपल्या तोंडानं नव्हे.

तळेगाव येईपर्यंत मी गप्प बसले. मग मला ठाऊक होतं ते तिला सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते, कारण तो अर्ज एकट्या त्या सुनेनं भरायचा नसतो. तो साऱ्या घरानं भरायचा असतो.

शुभलक्ष्मी पानसे हे नाव तुमच्यापैकी थोड्यांनीच ऐकलं असेल. पुण्यात शिवाजीनगरला 'लोकमंगल' नावाची इमारत आहे, तिथं बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्य कार्यालय आहे. आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात या बँकेचं पासबुक सापडेल. १९६९ साली सरकारनं १४ बँका राष्ट्रीयीकृत केल्या, त्यांत हीही होती. शुभलक्ष्मीबाई विज्ञान शिकलेल्या. १९७६ साली त्या या बँकेत उमेदवार अधिकारी म्हणून लागल्या. आज बँकेत बाई दिसली तर कोणी वळून बघत नाही. त्या काळी मात्र अधिकाऱ्याच्या खुर्चीत बाई बसलेली पाहून गिऱ्हाईक 'साहेब कुठं आहेत?' असं तिलाच विचारायचं.

तिथून त्या एकेक पायरी चढत गेल्या. नोकरी सांभाळून पुढचं शिक्षणही घेतलं, त्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. पुढे बंगळुरूच्या विजया बँकेत कार्यकारी संचालक झाल्या. आणि २०१२ साली कोलकात्याच्या अलाहाबाद बँकेच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाल्या. ही बँक १८६५ सालची. २०१४ च्या सुरुवातीला त्या निवृत्त झाल्या. पुढे या दोन्ही बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या. विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, अलाहाबाद बँक २०२० मध्ये इंडियन बँकेत.

१९७६ ते २०१२ म्हणजे ३६ वर्षं झाली. बँकेत अधिकाऱ्याच्या सात श्रेणी असतात, काही मोठ्या बँकांत आठवीही असते. त्यांच्यावर कार्यकारी संचालक आणि सर्वांत वर बँकेचा प्रमुख. एकेका पायरीला काही वर्षं काढावी लागतात, परीक्षा किंवा मुलाखत द्यावी लागते. आणि बहुतेक प्रत्येक बढतीच्या पाठोपाठ बदली येते. कधी परक्या जिल्ह्यात, कधी परक्या राज्यात. बाई हुशारीत कमी पडते म्हणून मागे राहते असं नाही. बदलीचा कागद आला की घर म्हणतं, 'आता पुरे', आणि ती तिथंच थांबते.

हे केवळ आपल्याकडचं नाही. अरुंधती भट्टाचार्य १९७७ साली स्टेट बँकेत अधिकारी म्हणून लागल्या. पुढे लखनौला बदली झाली, तेव्हा मुलीच्या शाळेची सोय लागेना. नोकरी सोडून द्यावी असं त्यांच्याही मनात आलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. एका वरिष्ठानं त्यांना थांबवलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच बाई देशातल्या या सर्वांत मोठ्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात बँकेनं बायकांसाठी मुलांच्या किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला दोन वर्षांपर्यंत रजेची सोय केली. ज्या वाटेवर आपल्याला काटा टोचला, तिथला काटा त्यांनी मागून येणारीसाठी उचलला. त्याच २०१३ च्या अखेरीला बँक ऑफ इंडियाच्या प्रमुख विजयालक्ष्मी अय्यर होत्या आणि अलाहाबाद बँकेच्या शुभलक्ष्मी पानसे. एकाच वेळी तीन मोठ्या बँकांचा कारभार बायकांच्या हाती होता.

आता कोणी म्हणेल, 'या शहरातल्या, शिकल्यासवरल्या बाया. आमच्या घरी तर अंगठा उठतो.' त्यांनी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची हकिकत ऐकावी. तो दुष्काळी मुलूख. आपल्याकडे पाऊस थांबता थांबत नाही, तिथं तो येता येत नाही. चेतना गाला सिन्हा लग्नानंतर तिथं राहायला आल्या. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला रोजच्या कमाईतले थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पण एवढ्याशा रकमेसाठी बँक खातं उघडून देईना.

मग बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला, कारण अर्जदारांतल्या काही जणींचा अंगठा होता. बायका खचल्या, पण घरी बसल्या नाहीत. लिहावाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गावात शाळाच नव्हती, तो काय आमचा गुन्हा? आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कितीही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली त्यांना परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०१८ साली दावोसला जागतिक आर्थिक परिषद भरली, तेव्हा तिच्या सहअध्यक्षांत चेतनाताई होत्या. अंगठ्यापासून निघालेली बँक तिथवर पोचली.

आता आपल्या घराकडे वळू. इंद्रायणी भाताची लावणी बाई करते, खुरपणी बाई करते, कापणीलाही बाई असते. पण सोसायटीचं पीककर्ज काढायला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचंच असतं. द्रुतगती मार्गाला, औद्योगिक वसाहतीला, लोणावळ्याकडच्या बंगल्यांना आपल्या तालुक्यातल्या जमिनी गेल्या. पैसे बँकेत आले. पासबुकावर कोणाचं नाव होतं? किती घरांत कारभारणीला विचारून ते पैसे खर्च झाले? ज्या घरात ही उत्तरं द्यायला जड जातात, त्या घरातली लेक बँकेची पायरी चढेल कशी? तिनं आईला बँकेच्या दारात रांगेत उभं राहिलेलंच पाहिलेलं असतं, आत खुर्चीवर बसलेलं कधी नाही.

म्हणून चार गोष्टी करा. पहिली, घरातल्या प्रत्येक बाईचं स्वतःचं खातं असू द्या आणि त्याचा व्यवहार तिला स्वतः करू द्या. दुसरी, लेकीला पदवीपर्यंत शिकवा. कोणत्याही शाखेची पदवी बँकेच्या परीक्षेला चालते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या सामाईक परीक्षेत कारकुनासाठी वय २० ते २८ आणि अधिकाऱ्यासाठी २० ते ३० लागतं, राखीव प्रवर्गांना वयात सवलत असते. कारकुनाची परीक्षा मराठीतूनही देता येते. तिसरी, पदवी झाली की लगेच लग्नाची घाई करू नका. त्या परीक्षेची तयारी एका पावसाळ्यात होत नाही, तिला दोन-तीन वर्षं द्या. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट सासरच्यांसाठी आहे. सुनेच्या बदलीचा कागद आला, तर तिच्याकडून 'नाही' वदवून घेण्याआधी एक रात्र सगळ्यांनी बसून विचार करा. लेकरू कोण सांभाळेल, घर कसं चालेल, नवरा सुटीला तिकडे जाऊ शकेल का, हे हिशेब मांडून बघा. मुलाची बदली झाली असती तर आपण हेच केलं असतं ना?

भात पिकवणाऱ्यांना तर बदलीचं एवढं भय वाटू नये. रोप पहिल्या जागेवर दाटीत ठेवलं तर त्याला फुटवे येत नाहीत. ते उपटून दुसऱ्या खाचरात लावावं लागतं. दोन-चार दिवस ते मान टाकतं, मग हिरवंगार होतं. हे मावळातल्या कोणत्याही बाईला शिकवावं लागत नाही. तिच्या हातानंच ते होतं.

शिवाजीनगर आलं. ती उठली, कागद पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हे सगळं तुम्ही मला सांगितलंत. पण ऐकायला हवं ते घरी आहेत."

तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून मामा, आत्याबाई आणि 'तुझं तू बघ' म्हणणारे दादा, हा लेख तुमच्यासाठी लिहिला आहे. आज रात्री जेवणं झाली, की सुनेला तो कागद काढायला सांगा. आणि पेन तुम्ही आणून द्या.