डीएनए नोंदी : अधिकार आला, अंकुश राहिला

केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ रोजी डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक लोकसभेतून मागे घेतले, तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. गुन्हेगार, संशयित, बेपत्ता व्यक्ती आणि बेवारस मृतदेह यांच्या जनुकीय नोंदींची राष्ट्रीय पेढी व तिच्यावर देखरेख ठेवणारे नियामक मंडळ, अशी दुहेरी योजना या विधेयकात होती. जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले, पण सभागृहाच्या मुदतीबरोबर ते बारगळले. त्याच वर्षी ते पुन्हा मांडले गेले आणि स्थायी समितीने २०२१ मध्ये अहवाल दिल्यावरही पडून राहिले. यातील बहुतेक तरतुदी २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात आल्या आहेत, असे कारण माघारीसाठी देण्यात आले.

हे कारण अर्धेच खरे आहे. कैद्यांच्या ओळखीसंबंधीचा १९२० चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला हा कायदा बोटांच्या ठशांबरोबरच 'जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण' घेण्याचा अधिकार पोलिसांना देतो. महिला व बालकांविरुद्धचे गुन्हे किंवा सात वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेचे गुन्हे वगळता अटक झालेली व्यक्ती असा नमुना देण्यास नकार देऊ शकते, हे मान्य. मात्र एकदा घेतलेली नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहू शकते. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसायची ती सर्व अपिले संपल्यावर, तीही दंडाधिकाऱ्यांनी वेगळा आदेश दिला नाही तरच. आपल्याकडील अपिलांचा वेग पाहता या सवलतीचे मोल वाचकांनीच ठरवावे. नियामक मंडळाचा मात्र या कायद्यात पत्ता नाही.

या तंत्राची उपयुक्तता वादातीत आहे. अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टर येथे शोधलेली पद्धत लगतच्या गावांतील दोन मुलींच्या खुनाच्या तपासात वापरली गेली, तेव्हा तिने सर्वप्रथम गुन्हा कबूल करून बसलेल्या एका निरपराध तरुणाची सुटका केली. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला. ब्रिटनने १९९५ मध्ये राष्ट्रीय पेढी उभारली. परंतु दोषी न ठरलेल्यांच्या नोंदी बेमुदत ठेवणे हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये बजावले आणि ब्रिटनला २०१२ मध्ये कायदा बदलावा लागला.

भारतात विज्ञानाची उणीव नाही. लालजी सिंह यांनी हैदराबादेत हे तंत्र केव्हाच रुजवले. घोडे अडते ते पोलीस ठाण्यातील मुद्देमालाच्या खोलीत. दिल्लीतील छावला प्रकरणात १४ व १६ फेब्रुवारी २०१२ रोजी जप्त केलेले नमुने प्रयोगशाळेकडे गेले २७ फेब्रुवारीला. तोवर ते ठाण्यातच होते. फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मुक्त केले, त्यामागे इतर त्रुटींबरोबर हेही कारण होते. तिघे निरपराध असतील तर त्यांची दहा वर्षे गेली. नसतील तर त्या मुलीच्या आईवडिलांना न्याय मिळाला नाही. यापैकी काय खरे, हे आता कोणतीही पेढी सांगू शकणार नाही. नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावेत व त्यांच्या प्रवासाची नोंदवही ठेवावी, असे निर्देश न्यायालयाला अखेर जुलै २०२५ मध्ये द्यावे लागले.

दुसरा धोका महाराष्ट्राला अधिक ओळखीचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पोलिसांच्या मनातून नव्हे. चोरी कोठेही होवो, पहिली धाड पालावर पडते. अटकेतून भरत जाणारी पेढी अटकेच्या सवयीही जपून ठेवणार. शिवाय जनुकीय नोंद एकट्याची कधीच नसते. भावंडे, मुले, पुतणे हे सारे तिच्यातून काही अंशी ओळखता येतात. बोटांच्या ठशांना हा गुण नाही, आणि दोन्हींना एकाच कायद्याच्या दावणीला बांधणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

विधेयकाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्यासाठी त्यात स्वतंत्र विभाग होते. हरवलेल्या मुलाच्या आईने स्वेच्छेने नमुना द्यावा आणि देशातील कोणत्याही शवागारातील अनोळखी देहाशी तो ताडून पाहिला जावा, अशी ती सोय होती. २०२२ च्या कायद्याचा रोख अटक झालेल्यांवर व शिक्षा झालेल्यांवर आहे. त्या आईसाठी त्यात असा विभाग नाही.