काटकसर कुणाच्या हातांनी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मुलांच्या डायपरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. दूध पाजायच्या बाटल्याही त्याच यादीत होत्या. दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या घराला याचा किती उपयोग झाला? दिवसाला चार डायपर धरले तर महिन्याला एकशेवीस. कर सोडून एकाची किंमत दहा रुपये मानली, तर पूर्वी तो अकरा रुपये वीस पैशांना पडायचा, आता साडेदहाला. म्हणजे महिन्याला ८४ रुपये सुटले. हेही काही कमी नाही, पण उरलेले साडेबाराशे जातातच. घरभाडं, पेट्रोल, बाईंचा पगार आणि पाळणाघराची फी भरून झाल्यावर हे साडेबाराशे डोळ्यांत खुपतात.

पुण्यातल्या घरांत यावर आजीचं उत्तर ठरलेलं असतं. लंगोट वापरा. जुन्या सुती साडीचे किंवा आजोबांच्या धोतराचे तुकडे फाडून, कडा दुमडून शिवले की डझनभर त्रिकोणी लंगोट फुकटात होतात, कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. हा सल्ला अगदी खरा आहे. त्यात फक्त एक खर्च धरलेला नसतो, तो धुणाऱ्याच्या वेळेचा.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामात दिवसाला सुमारे २८९ मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. या आकड्यात फक्त काही ना काही काम करणारे पुरुष मोजलेले आहेत, मुळीच न करणारे नाहीत. रांगत्या-चालत्या मुलाच्या घरात सात-आठ लंगोट, शिवाय ओल्या चड्ड्या, दुपटी आणि एखादी चादर रोज निघते. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ती वाळत नाहीत. सोसायटीच्या ड्राय बाल्कनीत दोरीवर चौथ्या दिवशीही दमट लागणारा लंगोट शेवटी इस्त्री फिरवून किंवा पंख्याखाली धरून वाळवावा लागतो. ही मिनिटं २८९ मध्ये पडणार की ८८ मध्ये, हे कुणी विचारत नाही. वाचलेले साडेबाराशे घराचे म्हणून मोजले जातात आणि गेलेला वेळ मात्र एकटीच्या खात्यावर पडतो.

म्हणून काटकसरीचा प्रत्येक सल्ला ऐकताना एक प्रश्न सोबत विचारायला हवा: यात काम कुणाचं वाढणार आहे? ज्या घरात बाबा ऑफिसला जाण्याआधी लंगोटांची बादली स्वतः धुऊन टाकतो, तिथे लंगोट ही उत्तम काटकसर आहे. ज्या घरात ती बादली नोकरीवरून परतलेल्या आईची संध्याकाळभर वाट पाहत असते, तिथे खुशाल डायपर घ्यावेत आणि त्याबद्दल कुणी तिला बोल लावू नये. दिवसा घरी लंगोट आणि रात्री व बाहेर जाताना डायपर, हा अनेक घरांनी काढलेला मध्यम मार्गही शहाणपणाचा आहे.

खरी मोठी बचत त्याच्या पुढची आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. जुन्या बायका बाळाला आपल्या दोन्ही पावलांवर बसवून, पाठीला गुडघ्यांचा आधार देऊन, ‘शूऽऽ’ करत ठरल्या वेळी शू-शी करवत. झोपेतून उठल्यावर, दूध प्यायल्यावर, आंघोळीआधी. मुलाला त्याची लय लागते. वर्ष-दीड वर्षाचं मूल मग चेहऱ्याने किंवा एखाद्या शब्दाने सांगू लागतं. यासाठी घाई नको आणि रागावणं तर नकोच. फक्त त्या वेळेला कुणीतरी मोकळं हवं, आणि बाबाची पावलंही आईच्या पावलांइतकीच उपयोगी पडतात.

डायपर वापरला तर त्याच्यापुढे आणखी दोन हात उभे असतात, आणि पुण्यात ते कुणाचे आहेत हे माहीत आहे. १९९३ साली या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. महापालिकेच्या वतीने दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्या या संस्थेत बहुसंख्य स्त्रिया आहेत. सुका कचरा हाताने वेगळा करताना त्यांच्या बोटांना उघडा, फुगलेला डायपर लागतो. त्याचं वरचं अस्तर पॉलिप्रॉपिलिनचं, खालचं पॉलिथिनचं, मध्ये लाकडाचा लगदा आणि ओल शोषून जेलीसारखी फुगणारी रासायनिक पूड असते. त्यातलं भंगारात काही विकलं जात नाही. कचरा वेचणाऱ्या बाईला त्यातून एक पैसाही मिळत नाही, वाट्याला येतो तो फक्त संसर्गाचा धोका. याच स्त्रियांनी २०१३ मध्ये वापरलेल्या सॅनिटरी पॅडने भरलेल्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवल्या होत्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा कचरा नीट गुंडाळून देणं घरांवर आणि त्यासाठी वेष्टन पुरवणं कंपन्यांवर बंधनकारक केलं.

पुण्यातच रुजलेली ‘लाल ठिपका’ ही पद्धत यासाठी पुरेशी आहे. डायपरमधली शी आधी संडासात टाकायची, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळायचा, त्याच्याच चिकटपट्ट्या ओढून बंद करायचा, जुन्या वर्तमानपत्रात बांधायचा आणि वर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा. पुडी ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी द्यायची. मिनिटभराचं काम आहे. ठिपका दिसला की कचरा वेचणाऱ्या बाईंना ती पुडी उघडून पाहावी लागत नाही. डायपरवर महिन्याला हजार-बाराशे खर्च करणाऱ्या घराने एवढंही न करणं अक्षम्य आहे. शहराचा कचरा जिथे नेऊन टाकला जायचा, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तीही याच शहरातल्या लोकांनी पाहिली आहेत.

खाण्याच्या बाबतीत हिशेब अधिक सोपा आहे आणि आजी इथे जवळजवळ पूर्ण बरोबर आहे. सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार म्हणून महाराष्ट्रात खिमट, मऊ भात, वरणाचं पाणी नव्हे तर घट्ट वरण, आणि नाचणीची लापशी चालत आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदूळ आणि गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. नाचणी रात्री भिजवून, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवली की एक-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड येतात. मग ती सावलीत वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजायची आणि दळून आणायची. मोड येताना धान्यात असं विकर तयार होतं, जे पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतं. त्यामुळे या पिठाची लापशी शिजताना गोळा होत नाही, पातळच राहते. मुलाचं पोट इवलंसं असतं. साध्या पिठाची लापशी गिळता यावी म्हणून पाणी वाढवावं लागतं आणि वाटीभर खाऊनही पोटात पीठ थोडंच जातं. मोडाच्या पिठाचं तसं होत नाही, त्याच वाटीत जास्त धान्य मावतं. बाजारातला महागडा डबा जे देतो म्हणून सांगतो, त्यातलं बरंच काही चाळणीतल्या या मोडांत आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेने भारतासह अनेक देशांत विकल्या जाणाऱ्या बाळांच्या तयार खाण्यात वरून घातलेली साखर असल्याचं दाखवून दिलं आणि इथे मोठी चर्चा झाली. डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचायची सवय तेव्हापासून अनेक आयांना लागली. ती टिकायला हवी. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तयार खाण्याची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. मूळ कायदा १९९२ चा, तो २००३ मध्ये कडक झाला. तरीही डबा घरात येतो, कारण त्याने वेळ वाचतो, आणि हे कारण खोटं नाही. ज्यांना भिजवण-दळण जमत नाही त्यांनी मोड आणलेल्या नाचणीचं पीठ बचत गटाकडून घ्यावं. डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत अशा गटांचे स्टॉल रांगेने असतात. पैसे थोडे जास्त जातील, पण ते दुसऱ्या एका बाईच्या कामाचा मोबदला म्हणून जातील.

एका जुन्या सवयीला मात्र निरोप द्यायला हवा. बारशापासून मध चाटवणं वर्षाच्या आत धोक्याचं आहे, आणि गुटी उगाळताना काय आणि किती पोटात जातं याला माप नसतं. आजीचा मान राखूनही हे तिला सांगता येतं.

कपड्यांवर फार लिहायला नको. दीड वर्षाच्या मुलाचा सदरा चार महिन्यांत आखूड होतो, आणि नात्यातल्या थोरल्या भावंडाचे कपडे धाकट्याला घालण्यात आपल्याकडे कधीच कमीपणा नव्हता. उलट बाळाला पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचं घालायची पद्धत होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आता हेच चालतं, आणि बोरन्हाणाला प्लास्टिकच्या खेळण्यांचा सडा घालण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

खेळण्यांचं मात्र सविस्तर बोलावं असं या शहराकडे आणि राज्याकडे बरंच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात परदेशी माँटेसरी साधनांची किंमत परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बिया, शंख, पानं, गोटे, काटक्या, मातीची भांडी हेच साधन केलं. मोजणं, वर्गवारी, लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत या सगळ्यासाठी तेवढं पुरतं हे त्यांनी वर्षानुवर्षं दाखवलं. पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकामे टेट्रापॅक आणि जुनी वर्तमानपत्रं यांतून शेकडो खेळणी बनवली आणि ती कशी करायची ते सर्वांसाठी खुलं ठेवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही खेळणी थोड्या मोठ्या मुलांची आहेत, पण त्यामागची दृष्टी दीड वर्षाच्या मुलालाही लागू पडते.

त्या वयाच्या मुलाला स्वयंपाकघरातला खालचा कप्पा मोकळा करून द्या. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या, झाकण असलेला डबा, पळी, गाळणी. ते झाकण लावून काढेल, पुन्हा लावेल, वाटी पालथी करून वाजवेल आणि अर्धा तास त्याला दुसरं काही लागणार नाही. फक्त शेंगदाणे, हरभरे, मणी, बटणाएवढे सेल यांतलं काही हाताशी नको, आणि कुणीतरी मोठं माणूस जवळ बसलेलं हवं. इथेही वेळ लागतोच. तो नसला की हातात मोबाइल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन वर्षांच्या मुलाला तासाभराहून जास्त नको, आणि कमी तेवढं बरं. हे पाळता न येणाऱ्या आईला दोष देणं सोपं आहे. पोळ्या लाटताना तिच्या मुलाजवळ बसायला घरात कोण होतं, हे आधी विचारावं.

कुणाच्याही हातांवर भार न टाकणारी एक बचत मध्यमवर्गीय पुणेकर सर्रास सोडून देतात. महापालिकेच्या दवाखान्यांत राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लशी फुकट मिळतात. पेंटाव्हॅलेंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, सोळा ते चोवीस महिन्यांमधला डीपीटीचा बूस्टर. सरकारी म्हणजे कमअस्सल, ही समजूत निराधार आहे. ज्या शहरात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लशी बनत आल्या, त्या शहराला तर हे कुणी सांगावं लागू नये. कार्यक्रमाबाहेरच्या लशींचं डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि वाचलेले पैसे त्यासाठी ठेवावेत.

काटकसरीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न बोललेला भाग आजी-आजोबा आहेत. हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्या जोडप्याचं मूल सांभाळायला सातारा, लातूर किंवा जळगावहून आजीला बोलावून घेतात. पाळणाघराची फी वाचते. साठीच्या बाईचे गुडघे, तिच्या मैत्रिणी आणि तिचं स्वतःचं घर त्या बचतीत कुठेच लिहिलेलं नसतं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. रजा मिळते, पाळणाघर मात्र अनेकदा कागदावरच राहतं. मागायचं असेल तर हे मागायला हवं, आणि ते बाबांनीही मागायला हवं.

फ्लॅटमधलं मूल सांभाळायला येणाऱ्या बाईंचंही अनेकदा दीड-दोन वर्षांचं मूल असतं. ते पर्वतीच्या जनता वसाहतीत शेजारणीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असतं, आणि ती बहीण त्या दिवशी शाळेत गेलेली नसते. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती काही तासांपुरती. बाईंचं काम संध्याकाळपर्यंत चालतं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत २०२२ पासून अंगणवाडीला जोडून दिवसभराचं पाळणाघर चालवायची तरतूद आहे. महापालिकेने आणि राज्याच्या महिला व बालविकास विभागाने पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या वस्तीत, बायका कामावर निघायच्या आधी उघडणारं आणि त्या परतेपर्यंत चालू राहणारं असं एक केंद्र सुरू करावं. त्यासाठी जागा, दोन प्रशिक्षित बाया, गरम जेवण आणि पाणी लागेल. नगरसेवकाला मतासाठी दारात आल्यावर विचारायचा प्रश्न हाच असावा, की आमच्या प्रभागात हे कधी सुरू होणार.