नौकांची मलटाकी : दुर्गंधीचा प्रश्न नाकापुरता नाही

गोव्यातील नद्यांवर नौकाविहाराचा व्याप वाढत आहे. मांडवीतील तरंगते कॅसिनो आणि सायंकाळच्या सहलीच्या बोटी यांच्या जोडीला खासगी शिडाच्या नौकाही आल्या आहेत. मरिनांचे प्रस्ताव अधूनमधून डोके वर काढतात. नावशीच्या प्रस्तावित मरिनाला मच्छीमारांनी जो विरोध केला, त्याच्या मुळाशी इतर भीतींबरोबरच पाणी बिघडण्याची भीतीही होती. या साऱ्या वादात नौकेच्या पोटातील एका लहानशा टाकीविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. शौचालयातील मैला साठविणारी ही टाकी कशी वापरली जाते, यावर खाडीच्या पाण्याचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

मध्यम आकाराच्या शिडाच्या नौकेवर साधारण साठ लिटरची टाकी धरली, चार माणसे धरली, प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा शौचालय वापरले आणि दर वेळी तीन लिटर पाणी गेले, तर ती टाकी एका दिवसात भरते. टाकीपाशी सहसा एक दुतोंडी झडप असते. ती एका बाजूला फिरविली की मैला टाकीत जातो, दुसऱ्या बाजूला फिरविली की थेट पाण्यात. टाकी भरलेली, रिकामी करण्याची सोय जवळपास नाही आणि केबिनमध्ये उभे राहवत नाही अशी घाण सुटलेली. अशा वेळी ती झडप कोणत्या बाजूला फिरते हे सांगावयास नको. दुर्गंधी मारणारी टाकी ही न वापरली जाणारी टाकी असते. म्हणूनच तिच्या वायुवीजनाचा प्रश्न केवळ नौकामालकाच्या सुखसोयीचा राहत नाही.

दुर्गंधीचे कारण मैल्यात जितके आहे, त्याहून अधिक ते कोंडलेल्या हवेत आहे. टाकीत प्राणवायू पोहोचत असेल, तर तेथील जिवाणू मैल्याचे विघटन करताना मुख्यतः कर्बवायू सोडतात आणि त्याला वास नसतो. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू बळावतात. त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. सडक्या अंड्याचा वास पहिल्याचा. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते आणि हेच सल्फेट त्या जिवाणूंचे खाद्य. त्यामुळे खारे पाणी खेचून चालणारे शौचालय गोड्या पाण्यावर चालणाऱ्यापेक्षा अधिक वास मारते. शिवाय नळीत साचलेल्या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीव मरून सडतात. सकाळी पहिल्यांदा पंप मारताच येणारा भपकारा पुष्कळदा टाकीचा नसून या नळीचा असतो. गोव्याच्या उष्म्यात ही सारी क्रिया वेगाने चालते.

मग उपाय काय? टाकीला मोकळा श्वास देणे. कारखान्यातून येणाऱ्या अनेक नौकांवर हवेची नळी जेमतेम 16 मिलिमीटर व्यासाची असते. तीही लांब, वळणावळणाची आणि मध्येच झोळ पडलेली. नौका कलली की त्या झोळात द्रव साचतो आणि हवेचा मार्ग बंद होतो. बाहेरच्या तोंडाशी मीठ किंवा किड्यांची घरटी साचतात ती वेगळीच. नळीचा व्यास 25 मिलिमीटर केला तर तिचे क्षेत्रफळ जवळपास अडीचपट होते; 38 केला तर साडेपाचपटीहून अधिक. नळी शक्य तितकी आखूड, सरळ आणि सतत चढती असावी. त्याहून चांगले म्हणजे नौकेच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन नळ्या काढणे. एकीतून वारा शिरतो, दुसरीतून बाहेर पडतो आणि टाकीत हवा खेळती राहते. नांगरलेली नौका वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या ओढीप्रमाणे तोंड फिरवीत असते. अशा वेळी एकाच बाजूची एकच नळी पुष्कळदा निरुपयोगी ठरते. वाराच नसेल तर टाकीच्या तळाशी हवा सोडणारा लहान पंप हेच काम करतो.

बाजारात मिळणारी सक्रिय कोळशाची गाळणी नळीच्या तोंडाशी बसविली की वास काही काळ दबतो. परंतु ही गाळणी हवेचा प्रवाह अडविते आणि ओली झाली की जवळजवळ बुजून जाते. टाकी आतून आणखी कोंडते. रोग वाढवून लक्षण झाकण्याचाच हा प्रकार. फॉर्मल्डिहाइडयुक्त रसायनेही तशीच: ती सर्वच जिवाणू मारतात आणि तो मैला पुढे मलनिस्सारण प्रकल्पात गेला तर तेथील उपयुक्त जिवाणूंनाही बाधतात. जुनाट नळ्यांतून वास झिरपतो, त्याची परीक्षा मात्र सोपी आहे. गरम पाण्यात भिजविलेले फडके नळीवर गुंडाळावे, थंड झाल्यावर हुंगावे. फडक्याला वास आला तर नळी बदलावी.

मोठ्या प्रवासी बोटींवर हाच विषय जिवावर बेतणारा होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत शंभरपर्यंत गेले की नाक बधिर होते आणि वास नाहीसा झाल्याचा भास होतो. नेमका तोच क्षण सर्वाधिक धोक्याचा. टाकी साफ करण्यासाठी माणूस आत उतरविण्यास कोणतेही समर्थन असू शकत नाही. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा गटारे आणि सेप्टिक टाक्यांविषयी बोलतो. नौकेच्या टाकीचे नाव त्यात नाही.

कायद्याची फट येथेच संपत नाही. मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट 400 टनांवरील किंवा पंधराहून अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांना लागू होते, आणि तेही आंतरराष्ट्रीय प्रवासावर असताना. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर दूर, किमान चार नॉटच्या वेगाने जाताना सोडता येतो. चार माणसांची शिडाची नौका या चौकटीबाहेर राहते, नदीत नांगरलेली बोटही राहते. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी 2021 चा अंतर्देशीय नौका कायदा आला. त्यात प्रदूषण-प्रतिबंधाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि नौकांवरील घाण उतरवून घेण्याच्या सोयींचाही विचार आहे. अमेरिकेने 1992 मध्ये अशा सोयींसाठी स्वतंत्र कायदा करून खर्चाचा तीन चतुर्थांशापर्यंतचा वाटा केंद्रीय निधीतून देण्याची व्यवस्था केली. तेथे आधी धक्क्यावर उपसा-केंद्र आले आणि मग दंडाची भाषा पटू लागली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदविले, त्यांपैकी अकरा गोव्यातील होते. त्याचे सारे खापर नौकांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. किनाऱ्यावरच्या वस्त्यांचे सांडपाणी हा त्याहून मोठा वाटेकरी. तरीही स्नान, जलक्रीडा आणि व्यावसायिक मासेमारीच्या किनारी पाण्यात 100 मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म 100 च्या आत असावेत असे मानक आहे. तिसऱ्या, शिनाण्या आणि कालवे पाणी गाळून जगतात. पाण्यातील जिवाणू त्यांच्या अंगात साठतात आणि मग ते ताटात येतात. ओहोटीत खडकांवर वाकून कालवे काढणाऱ्या बायकांना या टाक्यांचा पत्ताही नसतो.

दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौकांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. ‘तारिणी’ 2025 च्या मे महिन्यात दोन महिला नौसेना अधिकाऱ्यांसह दुसऱ्यांदा गोव्यात परतली. शिडाच्या नौकांचे एवढे कौशल्य असलेल्या या राज्यात टाकीची नळी कशी असावी हे सांगण्यासाठी परदेशी तज्ज्ञ नको. बंदर कप्तान खात्याने नोंदणी आणि वार्षिक तपासणीच्या वेळी टाकी, वायुनळी आणि ती कुलूपबंद करता येणारी झडप पाहावी. पणजीत टोंक येथे मलनिस्सारण प्रकल्प आहे. नदीकाठच्या एखाद्या धक्क्यावर उपसा-पंप बसवून तेथवर मैला पोहोचविण्याची सोय केली, तर नौकामालकाजवळ सबब उरणार नाही. पहिली कसोटी पावसाळ्यापूर्वीच लागते: जूनमध्ये नौका महिनोन्महिने बांधून ठेवल्या जातात, आणि त्या वेळी टाकी रिकामी, धुतलेली व नळी मोकळी आहे की नाही, हे पाहणारा आज कोणी नाही.