फुसका बार

गेल्या पंधरवड्यात सीताबर्डीवरील आमच्या कचेरीत एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांचे आजोबा मालगुजार होते. 1951 साली मालगुजारी गेली, पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या, जमिनी विकल्या गेल्या, आजोबांचे 0.32 बोअरचे विलायती रिव्हॉल्व्हर मात्र रीतसर परवान्यानिशी तिसऱ्या पिढीपर्यंत घरात टिकून राहिले. 2024 च्या निवडणुकीच्या वेळी ते पोलीस ठाण्यात जमा झाले आणि नंतर परत आले. अलीकडे सरावाच्या मैदानावर त्यात सहा काडतुसे भरली, तेव्हा दोन उडाली आणि चार नुसती ‘टक्’ करून राहिली. ‘‘आतली कमान सैल झाली असावी. घरीच उघडतो, जरा ताणून बसवतो. शिवणयंत्र मीच दुरुस्त करतो,’’ असे ते आम्हांस सांगत होते. शिवणयंत्राची सुई फार तर बोटात जाते, एवढेच आम्ही त्यांस त्या वेळी म्हणालो. उरलेले येथे लिहीत आहो, कारण असे कपाट आणि असा आत्मविश्वास विदर्भातील एकाच घरात आहे असे नाही.

‘फुसका बार’ हा शब्द आपण पुढाऱ्यांच्या घोषणांसाठी इतका वापरला आहे की त्याचा मूळ अर्थ विसरून गेलो. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला म्हणजे चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन कमानीच्या जोराने पुढे आदळतो, त्याची टोचणी काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर बसते, टोपीतील ठिणगीने दारू पेटते आणि गोळी सुटते. या साखळीतील एखादा दुवा निसटला की बार फुसका जातो. कोणता दुवा निसटला याची साक्ष न उडालेल्या काडतुसाच्या बुडावर उमटलेली असते. आमच्या पाहुण्यांनी सुदैवाने काडतुसे टेबलावर न मांडता मोबाईलवर त्यांची छायाचित्रे दाखविली. दोघांच्या टोपीवर ठसा अगदी उथळ होता. एकावर तो मध्यापासून कडेला सरकला होता. चौथ्यावर मात्र खोल, ठसठशीत आणि नेमका मध्यावर असूनही ते उडाले नव्हते.

जाणत्या कारागिरास एवढे पाहून पुष्कळ कळते. खोल ठसा असून बार होत नसेल तर दोष बहुधा काडतुसाचा. ओल किंवा तेल टोपीत झिरपले असेल, अथवा माल फार जुना असेल. ठसा उथळ असेल तर कमान थकलेली, टोचणी झिजलेली किंवा आतील यंत्रणा चिकट मळीने जड झालेली असते. ठसा कडेला सरकला असेल तर चक्र नळीच्या नेमके समोर येऊन थांबत नाही असे समजावे. हा शेवटचा दोष सर्वांत भयंकर; कारण अशा स्थितीत बार झालाच, तर गोळीचा तुकडा नळीच्या काठावर तासला जाऊन बाजूला उडतो, आणि बाजूला कोणी तरी उभे असतेच.

येथे नागपूरच्या हवेचाही थोडा हिशेब घातला पाहिजे. आपल्याकडे हत्यारास खोबरेल तेल लावण्याची जुनी खोड आहे. डिसेंबरातील पहाटेस ते बाटलीत गोठते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. घोड्याच्या सांध्यात ते गोठणार नाही असे कोणी सांगितले? पुढे मे महिन्यात खिडकीला कूलर लागतो आणि बंद खोलीतली हवा दमट होते. त्यातच हत्यार चामड्याच्या म्यानात ठेवलेले असते. चामडे ओल धरते, पितळेवर हिरवट बुरशी चढते, आणि गृहस्थ समजतात की वस्तू जपून ठेवली आहे.

आकड्याचाही एक घोटाळा आहे. 0.32 हा आकडा एकच, परंतु त्या नावाची काडतुसे आखूड व लांब अशी वेगवेगळी आहेत, पिस्तुलाची आणखी निराळी. भोकात बसले म्हणजे योग्य झाले, हा न्याय पेनच्या शाईला चालेल.

‘टक्’ आवाज झाल्यानंतरची काही क्षणांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक चुकतात. बार झाला नाही की माणूस हत्यार वळवून नळीत डोकावतो किंवा लगेच पुन्हा चाप ओढतो. दारू कधी कधी उशिरा पेटते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की ते धुमसते काडतूस नळीसमोरून बाजूच्या घरात जाते. तेथे ते पेटले तर गोळीस बाहेर जाण्यास वाटच नसते. म्हणून नळीचे तोंड सुरक्षित दिशेस रोखून, चापावरून बोट काढून, निदान अर्धा मिनिट, आमच्या मते पुरता एक मिनिट, स्वस्थ राहावे आणि मगच चक्र रिकामे करावे. ‘टक्’ ऐवजी दबका ‘फुस्’ ऐकू आला तर त्या दिवसापुरता सराव संपला. गोळी नळीतच अडकली असण्याचा संभव असतो, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते.

यापुढील काम कारागिराचे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम शस्त्रांच्या निर्मिती व विक्रीप्रमाणेच दुरुस्ती आणि चाचणी यांसाठीही परवाना सांगते. कमान ताणणे, टोचणी कानशीने घासणे, चकती घालून घोड्याचा जोर वाढविणे हे घरगुती उपाय त्यामुळे धोक्याचे तर आहेतच, शिवाय बेकायदेशीरही आहेत. दुर्दैवाने जुन्या विलायती हत्यारांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ती जाणणारे हात विरळ होत चालले आहेत. म्हणून गृहस्थांना मोह होतो, हे आम्ही समजू शकतो.

आमचा खरा रोख प्रशासनाकडे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांना सलामी देताना, तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या समक्ष, पोलिसांच्या 22 बंदुकांपैकी एकही उडाली नाही. जेथे हत्यारे सांभाळण्यासाठी पगारी माणसे आहेत तेथे ही अवस्था, मग घरच्या कपाटातील हत्याराची काय कथा! 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली. नागरिकांचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. परंतु पाच वर्षांत नागपूरचे पाच उन्हाळे आणि पाच पावसाळेही येतात. निवडणुकीच्या निमित्ताने ठाण्यात जमा झालेली हत्यारे परत करताना, परवानाधारक कारागिरास बसवून प्रत्येकाच्या प्रकृतीची तपासणी करण्यास पोलीस आयुक्तालयास काय अडचण आहे? हत्यारे आयती एका ठिकाणी आलेली असतात. शंकास्पद जुनी काडतुसेही त्याच वेळी पावती देऊन परत घेता येतील. आज ती कोणाकडे द्यावीत हे न कळल्यामुळे लोक डब्यात घालून माळ्यावर टाकतात.

ज्यांना हे ओझे नकोच आहे त्यांना ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. आजोबांची आठवण छायाचित्रातही राहते, असे आम्ही आमच्या पाहुण्यांस सुचवून पाहिले. ते त्यांस रुचले नाही. कमान ताणण्याचा बेत मात्र त्यांनी सोडला. रिव्हॉल्व्हर आता परवानाधारक कारागिराकडे आहे. त्याने चक्राचा दाता झिजल्याचे सांगितले असून, भाग मिळेपर्यंत त्यातून एकही बार काढू नये असे कागदावर लिहून दिले आहे.