कुलूप शाबूत, तरी घरफोडीच!

मागच्या सुट्टीत मैंदर्गीला गेलो, तर गल्लीतल्या एका बंद घरात चोरी झालेली. चोराने किल्लीने कुलूप उघडलं होतं. पारावरचा निकाल : "कुलूप तुटलं नाही, मग घरफोडी कसली?"

सोमवारी ऑफिसात तेच, इंग्रजीत! चोरलेला पासवर्ड टाकून कुणीतरी सर्व्हरमध्ये शिरलं. साहेब म्हणे, "ब्रेक-इन लिहू नकोस, ब्रेक काय झालंय?"

अहो, नव्या चपला वापरून सैल करणं यालाही इंग्रज 'ब्रेक इन'च म्हणतो. चप्पल तुटते का त्यात? आणि १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४४५ वाचा. घरफोडीचे सहा प्रकार आहेत. भिंत चढून शिरणं, कुलूप नुसतं उघडणंसुद्धा त्यात येतं. उदाहरणही दिलंय : मालकाची हरवलेली किल्ली सापडली, ती लावून चोर आत शिरला, तरी घरफोडीच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही (कलम ३३०) तेच. आपली मराठी तरी काय वेगळं सांगते? पेपर फुटतो तेव्हा कागद फाटतो का?

साहेबांना हे कळत नाही असं नाही. 'ब्रेक-इन' लिहिलं की ज्यांचा डेटा गेला त्यांना कळवावं लागेल. 'अनियमित लॉगिन' लिहिलं की तिकीट बंद!

तिकीट माझ्या नावावर आहे. अजून उघडंच ठेवलंय.