गाल फुगवून म्हातारपण टळतं का?

सकाळी साडेसहाला आमच्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर बेसिनपाशी आलात, तर एक भन्नाट सीन बघायला मिळेल. माझी रूममेट आरशासमोर उभी राहून आधी गाल फुगवते, मग माशासारखं तोंड करते, आणि मग छताकडे बघत "ओ... ई... ओ... ई..." सुरू! पहिल्या दिवशी मला वाटलं, हिला व्हायवाचं टेन्शन आलंय. विचारलं तर म्हणाली, "फेस योगा आहे हा. आत्तापासून केला की सुरकुत्या पडत नाहीत. चाळिशीत कळेल तुला!" वय वर्षं वीस, बॅकलॉग एक, आणि काळजी कसली तर चाळिशीची! हसून हसून आम्ही मजला डोक्यावर घेतला.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "अगं, ते चेहऱ्याचे व्यायाम खरंच लागू पडतात का गं? ऑनलाइन कोर्स आहे. चार हजार रुपये. भरू का?" मग थोडं खोदल्यावर कळलं, की मावशीकडे जाताना बसमध्ये एक कॉलेजचा मुलगा उठून तिला म्हणाला होता, "आजी, बसा ना." बिचारा चांगल्याच मनाने म्हणाला. पण आई सत्तेचाळीसची आहे.

या वेळी मला हसू आलं नाही. म्हटलं, दोन दिवस थांब, पैसे भरू नकोस. इंजिनिअरिंगला घातलंय मला, तर निदान एवढं तरी शोधून काढते. जे सापडलं ते तुम्हालाही सांगते.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की व्यायामाने दंड घट्ट होतो, मग चेहराही होणारच. ऐकायला एकदम लॉजिकल! पण दंडाचा स्नायू दोन्ही टोकांना हाडाला जोडलेला असतो. हावभावाचे बहुतेक स्नायू मात्र एका टोकाला थेट त्वचेतच शिरलेले असतात. स्नायू आखडला की वरची कातडी दुमडते आणि घडी पडते, तीही स्नायूच्या धाग्यांना काटकोनात. खोटं वाटत असेल तर आरशात भुवया उंच करून बघा. कपाळाच्या स्नायूचे धागे उभे, आठ्या आडव्या. आपल्या वयात घडी लगेच उलगडते, कारण त्वचेतलं कोलॅजन आणि इलॅस्टिन शाबूत असतं. ते झिजत गेलं की घडी मुक्कामालाच राहते. म्हणजे बिघाड आहे त्वचेत, आणि आपण ओव्हरटाइम करायला लावतोय स्नायूंना!

बोटॉक्स तर नेमकं उलटं काम करतं. नसेकडून स्नायूला जाणारा सिग्नल अडवला की स्नायू गप्प बसतो आणि आठी सपाट होते. अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्ये दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला मान्यता दिली. स्नायू थांबवल्यावर जी आठी जाते, ती त्याच स्नायूला कवायत करायला लावून कशी जाईल? (याचा अर्थ हसणं बंद करा असा मात्र काढू नका, प्लीज!)

दुसरा गैरसमज, "रिसर्चने सिद्ध झालंय." रिसर्च आहे, हे खरं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी केलेला हा अभ्यास २०१८ मध्ये 'जामा डर्मटॉलॉजी'त छापून आला. चाळीस ते पासष्ट वयाच्या बायकांनी आठ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढचे बारा आठवडे दिवसाआड चेहऱ्याचे व्यायाम केले. आधीचे आणि नंतरचे फोटो बघून डॉक्टरांनी त्यांचं वय ओळखायचं. सरासरी अंदाज ५०.८ वरून ४८.१ वर आला. वा!

आता बारीक अक्षरातलं वाचा. सुरुवात २७ जणींनी केली, शेवटपर्यंत टिकल्या १६. चेहऱ्याच्या वीस गोष्टी तपासल्या, त्यांतल्या ठळकपणे सुधारल्या फक्त दोन, गालाचा वरचा आणि खालचा भरीवपणा. सुरकुत्या त्या दोनांत नाहीत. आणि व्यायाम न करणारा, तुलनेचा गटच नव्हता. कंट्रोल स्पेसिमनशिवाय आपण रीडिंग दाखवलं तर सर जर्नल तोंडावर फेकतील! मी तासांचा हिशोबही केला. आधी ५६ वेळा, मग साधारण ४२ वेळा, म्हणजे एकूण ४९ तास. एवढ्यात आमच्या रूममेटचा बॅकलॉग निघाला असता. म्हणून प्रामाणिक वाक्य एवढंच, की बराच वेळ दिला तर गाल थोडे भरीव दिसू शकतात. "दहा दिवसांत दहा वर्षं तरुण" हे त्यातून निघत नाही.

मुलांनो, तुम्ही फार हसू नका. जॉलाइनसाठी दिवसभर च्युइंगगम चघळणारे बॉइज होस्टेलमध्येच आहेत. चघळून चावायचा स्नायू वाढतो, म्हणजे जबडा रुंद होतो, आणि अति केलं तर कानाजवळचा सांधा दुखायला लागतो. हनुवटीखालची चरबी काही तिथल्या व्यायामाने जात नाही.

मग त्वचा म्हातारी होते कशाने? वयाने तर होतेच, पण उन्हाने फार. २०१२ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापला होता. अठ्ठावीस वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि खिडकीच्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात. त्याची चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली! हसायचा तर दोन्ही गालांनी ना? ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, तोही तुलनेच्या गटासकट. २०१३ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी म्हातारी झाली. तेव्हा स्कूटीवर स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींना 'डाकूराणी' म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. आणि गेटबाहेरच्या टपरीवर सिगारेट ओढून मग फेसवॉशला पैसे घालवणाऱ्यांनीही. सिगारेटनेही सुरकुत्या लवकर येतात.

दोन दिवसांनी आईला हे सगळं सांगितलं. ती वीस वर्षं भर उन्हात स्कूटरवरून शाळेत शिकवायला जातेय, कधी स्कार्फ नाही की काही नाही. ती जरा गप्प झाली. "म्हणजे आता काही उपयोग नाही म्हण." मला पटकन उत्तरच सुचलं नाही. म्हटलं, "अगं, उद्यापासून सनस्क्रीन लाव, स्कार्फ बांध, पुढचं तरी वाचेल. पण ते चार हजार भरू नकोस." तिने भरले नाहीत. व्यायाम मात्र फुकटातले शिकून करतेच आहे. मी चिडले तर म्हणाली, "सकाळची दहा मिनिटं आरशासमोर माझी एकटीची असतात. तेवढी राहू दे."

यावर माझं काही म्हणणं नाही. दहा मिनिटं तिची आहेत, तिने गाल फुगवावेत नाहीतर गाणं म्हणावं. माझा राग आहे तो त्या दहा मिनिटांना गॅरंटी चिकटवून विकणाऱ्यांवर, आणि विसाव्या वर्षी चाळिशीला घाबरायला शिकवणाऱ्यांवर.

रूममेटने लेख वाचला. आता ती सनस्क्रीन लावते. माझंच.

"ओ... ई..." अजून चालू आहे!