चिमूटभर म्हणजे किती?

निमाडातल्या आमच्या तुकईथडला होळीला भांगेचा घोटा होतो. त्याची भांग सरकारी ठेक्यावर मिळते. त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला, तर हातात बेडी. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं फुलोऱ्याच्या शेंड्यांना गांजा ठरवलं. नुसती पानं आणि बिया सुटल्या. एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोंच्या वर किमान दहा वर्षं. तुरीच्या ओळींत लपवलेली झाडं मुळासकट उपटून तोलली, की पानं-दांडोरे धरून काटा वीसच्या पुढं जातो. कोर्टात त्यावर वाद होतात, पण तोवर माणूस आतच.

मी मास्तर होतो. चिलमीपायी वाया गेलेली पोरं पाहिलीत, म्हणून गांजा मोकळा करा असं मी म्हणणार नाही. पण माझ्या नातीला फेफरं येतं. कुणीतरी सांगितलं म्हणून आमच्या हिनं दुधात भांग वाटून पाजली. पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठेना. किती घातली होतीस? "चिमूटभर."

अमेरिकेत २०१८ साली याच झाडातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचं औषध मंजूर झालं, मिरगीच्या दोन चिवट प्रकारांसाठी. मात्रा मुलाच्या वजनावर, मिलिग्रॅममध्ये. नातीची मिरगी त्यातली नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते तिला लागू पडेल का, हेही आधी तपासायला हवं.

कायदा आडवा येतो म्हणावं, तर कलम ८ नं वैद्यकीय वापराला वाट ठेवली आहे आणि कलम १० नं लागवडीच्या परवान्याचा अधिकार राज्याला दिला आहे. २०१९ मध्ये मध्य प्रदेशात कमलनाथ सरकारनं औषधी लागवडीची घोषणा केली, विरोधकांनी गदारोळ केला, पुढच्या मार्चमध्ये सरकारच गेलं. २०२० च्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत भांगवर्गाला सर्वांत कडक यादीतून काढायच्या बाजूनं भारतानं मत दिलं. तिकडं हात वर, इकडं हाताची घडी!

आणि आमच्या निमाडला ही लागवड नवी नाही. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या काळात मध्यप्रांतात गांजाची परवान्याची शेती खंडवा तहसिलीत होत असे. तेव्हा तो ओढण्यासाठी पिकायचा, सरकार महसूल मोजायचं. आता औषधासाठी मोजून लावा: ठरावीक वावरं, कृषी विद्यापीठाचं बियाणं, प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेची तपासणी, माल थेट औषध कारखान्यात.

स्वयंपाकघरातल्या डब्यांमागची भांगेची पुडी मी सापडताच चुलीत टाकली. ती कुठून आणली, हे हिनं अजून सांगितलेलं नाही.